शेवटच्या खोलीतली फरशी

टेपरेकॉर्डरच्या आकड्यातला शेवटचा सात पुरता सात नव्हता.

तीन छोटी चाकं. पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर चार, आणि तिसरं चाक सात आणि आठच्या मध्ये कुठेतरी थांबलेलं. सात थोडा वर सरकलेला, खालून आठाचं डोकं दिसतंय.

ताईनं वहीत लिहिलं : २४७, किंचित जास्त.

ती तशीच आहे. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिनं पंचवीस वर्षं काढलीत. "साधारण" हा शब्द तिला चावतो.

ही माझी मामेबहीण. वयानं मोठी, म्हणून मी ताई म्हणते. जे सांगतेय ते तिच्या बाबतीत घडलं आणि तिनं ते मला वही समोर ठेवून सांगितलं. खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच माहीत आहे की लहानपणी लपाछपीत सुद्धा "कुठे आहेस?" असं विचारलं, की ही बाई "इथे, कपाटामागे" म्हणून उत्तर द्यायची.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे ती नाही. सोमवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि वरच्या खोलीत चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

ती खोली दादाची. ताईच्या मोठ्या भावाची.

त्या सोमवारच्या चौतीस वर्षं आधी, एकोणीस वर्षांचा असताना, दादा एका सकाळी रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाखणी, म्हणजे तारा जोडायचं सोल्डरिंगचं हत्यार, परत करायला बाहेर पडला. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दुरुस्तीवाला म्हणाला, आला होता, डाखणी दिली, हसून गेला.

दुकान आणि घर यांच्यामध्ये कुठेतरी तो संपला.

ना चिठ्ठी, ना चप्पल, ना कुणी पाहिलेला. जाताना दारातून एवढंच म्हणाला होता, "आई, दार लोटून घे. कडी नको लावू, मी आलोच."

आईनं चौतीस वर्षं त्या दाराला कडी लावली नाही.

त्या सोमवारी आई एकोणऐंशीची होती. सहा महिन्यांत दोनदा पडली. एकदा न्हाणीघरात, एकदा उंबऱ्यात. एक गुडघा जवळजवळ कामातून गेलेला, जिना तर तीन वर्षांत चढली नव्हती. डॉक्टर ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "तिसऱ्यांदा पडल्या तर मला बोलावू नका. उपयोग नसेल."

ताईनं आपल्या इमारतीतच तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. शुक्रवारी सकाळी नऊला टेम्पो येणार होता. सामान हलवायला तिनं आठवडाभर रजा काढली होती.

सगळं ठरलं होतं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

कारण सांगायचं म्हणजे दुसरंही सांगायला लागणार. दादा येणार नाही, हे. ते वाक्य या घरात चौतीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. ताईनं सुद्धा नाही.

म्हणून ती सोमवारी आईच्या खोलीत न जाता वर गेली. आणि दादाच्या खोलीची झाडलोट करत बसली.

टेबलावर दादाचा संगणक होता. त्या काळचा घरगुती संगणक, म्हणजे एक कळफलक, बस. तो छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. असल्या जुन्या यंत्रांचा एक संग्राहक ताईला भेटला होता. त्यानं टेपरेकॉर्डरसाठी नवा रबरी पट्टा आणून दिला आणि बजावलं होतं, "चालतो का तेवढं बघून ठेवा, मी शुक्रवारी नेतो."

कॅसेट रेकॉर्डरमध्येच होती. दादानं स्वतः लिहिलेला खेळ.

खेळ असा. पडद्यावर एक खोली दिसते, वरच्या कोपऱ्यातून पाहिल्यासारखी, सगळी रेषांची. खोलीत ठोकळे असतात. ते ढकलून पायऱ्या करायच्या आणि भिंतीत उंचावर असलेल्या दारातून बाहेर पडायचं. दोन सोंगट्या. दादाचा गोळा, ताईचा शंकू. एका दिवशी एकानं एकच चाल करायची. चाल झाली की खेळ कॅसेटवर साठवायचा आणि कॅसेटसोबतच्या कागदावर आकडा लिहायचा. म्हणजे दुसऱ्यानं शाळा-कॉलेजातून आल्यावर तिथून टेप लावायची आणि आपली चाल करायची. एका साठवणीला आकडा अकरानं पुढे सरके. बरोबर अकरा. ताईनं तेव्हाच मोजलं होतं. दादा तिला "मोजपट्टी" म्हणायचा ते उगाच नाही.

एकोणीस खोल्या त्यांनी अशा पार केल्या. विसाव्या, शेवटच्या खोलीत भांडण झालं.

त्या खोलीत दार आपोआप बंद व्हायचं. खालच्या कोपऱ्यात एक फरशी होती. तिच्यावर कुणी उभं असेल तेवढा वेळच दार उघडं.

दादाच्या खोलीतही कोपऱ्यात एक फरशी सुटलेली होती. पाय पडला की टक वाजायची. त्यानं तीच उचलून खेळात घातली होती.

"फरशीवर ठोकळा ठेवू," चौदा वर्षांची ताई म्हणाली होती.

"ठोकळ्याला वजन नसतं. माणूसच लागतो."

"म्हणजे एक जण आत राहणार?"

"हो."

"मग ही खोली चुकली आहे."

"चुकली नाही. अवघड आहे. तू जा की, मी उभा राहतो."

"दोघं बाहेर पडू. नाहीतर कुणीच नाही," असं म्हणून तिनं कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची जीभ मोडून टाकली. ती मोडली की कॅसेटवर नवीन काही साठवता येत नाही, रेकॉर्डरचं बटणच दाबलं जात नाही.

दादा पोट धरून हसला. "अगं मोजपट्टी, वर चिकटपट्टी लावली की झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डाखणी द्यायला गेला.

कागदावर शेवटची ओळ त्याच्या अक्षरात होती. पेन्सिलनं. "२३६. मी. आता तुझी चाल."

ताईनं तो कागद बराच वेळ हातात धरला. मग टेप २३६ वर आणून बटण दाबलं.

आधी एक लांब, सपाट सूर. मग किरकिराट, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. पडद्याच्या कडांना पट्टे धावले. २४७ वर आवाज थांबला.

आणि खोली उभी राहिली. गोळा मधोमध. शंकू ठोकळ्यांच्या तिसऱ्या पायरीवर. दार बंद.

चौतीस वर्षं सगळे जिथल्या तिथे उभे होते.

खालून आईचा आवाज आला. "वर कोण आहे गं?"

"मीच, आई."

"आता तू. मगाशी कोण होतं?"

"मगाशी कुणी नव्हतं. मी तुझ्यासमोरच भांडी घासत होते ना."

"तेव्हाच तर वाजत होतं हे."

ताईनं ते वहीत लिहिलं नाही. म्हातारं माणूस काहीतरी ऐकतं, असं मनाशी म्हणाली. पण तिनं एक चाल केली. शंकू एक पायरी वर. कॅसेटला चिकटपट्टी लावली, चाल साठवली, आकडा २५८. चिकटपट्टी काढून टाकली.

का केली चाल? मी विचारलं तिला. म्हणाली, "माझी होती म्हणून."

मंगळवारी दुपारी ती वर गेली.

आकडा...

२६९.

अकरा पुढे.

ताई खुर्चीवर बसली. आपण कालचा आकडा चुकीचा लिहिला असेल? तिच्या हातून असं पंचवीस वर्षांत दोनदा झालं होतं आणि दोन्ही तारखा तिला पाठ आहेत. तिनं टेप २५८ वर आणली. तिथे फक्त रिकामी सळसळ हवी होती.

लांब, सपाट सूर आला.

मग किरकिराट.

खोली दिसली. शंकू कालच्याच जागी. गोळा मात्र... एक घर सरकला होता. खालच्या कोपऱ्याकडे.

तिनं संग्राहकाला फोन लावला.

"चालतोय संगणक," ती म्हणाली.

"काय सांगता! मग आता हात लावू नका त्याला."

"तुम्हीच म्हणालात लावून बघा."

"अहो, बघून झालं ना? आता नका लावू!"

"एक विचारायचं होतं. जीभ मोडलेल्या कॅसेटवर आपोआप काही साठवलं जाऊ शकतं?"

"छे. आत खिळा आडवा येतो, बटण खालीच जात नाही. का हो?"

"काही नाही," ताई म्हणाली. आयुष्यातलं बहुधा पहिलं खोटं.

तिनं पुन्हा एक चाल केली. साठवली, आकडा २८०. चिकटपट्टी काढली. मग आईची पावडर आणून टेबलापासून उंबऱ्यापर्यंत चाळणीनं पातळ थर पसरला, मागे सरकत सरकत. झुरळ गेलं तरी रेघ उमटली असती. दाराला कुलूप. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

संध्याकाळी आईला सांगायचंच, असं ठरवून ती स्वयंपाकघरात आली. आई टेबलाशी बसून हातरुमालांच्या घड्या घालत होती.

"आई, शुक्रवारी ना..."

"शुक्रवारी काय?"

"शुक्रवारी मी माळा आवरते."

"आवर. त्याचे स्वेटर तेवढे वर ठेवू नकोस, थंडीत सापडत नाहीत."

ताई पाणी प्यायली आणि रुमालांच्या घड्या घालू लागली.

बुधवारी सकाळी शेजारचा शिंपी कुंपणापाशी भेटला. त्याचं मशीन खिडकीशीच असतं, गल्लीतलं पान हललं तरी त्याला कळतं.

"पाहुणे आलेत वाटतं?" तो म्हणाला.

"नाही. का?"

"नाही, वरून तो आवाज येतो. तुमचा भाऊ लावायचा तसा. माझ्या बापाचं डोकं उठायचं त्यानं." मग म्हणाला, "तुम्ही काल बाजारात गेला होतात ना, तेव्हाही येत होता. म्हटलं, आजींनी लावला की काय! म्हातारपणी एकेकाला नाद लागतात."

तो हसला. ताईनं हसायचा प्रयत्न केला.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिनं कुलूप काढलं.

पावडर जशीच्या तशी होती. एक रेघ नाही. एक ठिपका नाही.

टेबलावरचा आकडा...

२९१.

तिनं खोली उभी केली. गोळा आणखी एक घर कोपऱ्याकडे गेला होता. हे तिला अपेक्षित होतं, असं ती म्हणते. माणूस कशाचीही अपेक्षा करायला शिकतो.

पण पडद्यावर तिसरं काहीतरी होतं.

ठोकळ्यांच्या पायऱ्यांच्या तळाशी.

आठ बाय आठ ठिपक्यांची आकृती. एवढ्याशा ठिपक्यांत काय दिसणार! तरी ती वाकलेली होती. आणि एका बाजूला झुकलेली. उजव्या. आईचा उजवा गुडघा गेलाय, आई तशीच झुकते.

ताईनं सगळा प्रोग्राम पडद्यावर आणून ओळ न् ओळ वाचला. साडेचारशे ओळी. सोंगट्यांचे ठिपके जिथे लिहिलेले असतात तिथे दोनच आकृत्या होत्या. गोळा आणि शंकू.

तिसरी कुठेच नव्हती.

तिनं आपली चाल केली. साठवली. आकडा ३०२. मग टेपवर शाईनं केसाएवढी बारीक खूण केली, अगदी जिथे ती थांबली होती तिथे. कॅसेट पाकिटात घातली, पाकीट बंद केलं, जोडावर सही. संगणकाची आणि रेकॉर्डरची, दोन्ही वायरी काढून पिशवीत टाकल्या. आता बघू.

जिन्यावरून खाली येताना तिची किंकाळी फुटता फुटता राहिली.

आई जिन्यात बसली होती. दुसऱ्या पायरीवर.

"आई! इथे कशी आलीस?"

"चालत."

"अगं, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर काय, बसायचं सुद्धा विचारून की काय? दोन पायऱ्या तर चढले. बरं वाटतंय आज."

ताईनं तिला धरून उतरवलं. शिंप्याच्या बायकोला आईजवळ बसवलं आणि बसनं तासाभराच्या अंतरावरची प्रयोगशाळा गाठली. तिथे प्रमाण वजनं ठेवायचं कपाट आहे. दोन किल्ल्या, दोन माणसांच्या सह्या, चोवीस तास एकच तापमान. पाकीट त्यात ठेवलं.

"यात काय आहे?" कपाट सांभाळणाऱ्या लेखनिकानं विचारलं.

"कॅसेट."

"तिचं वजन करायचंय?"

"नाही," ताई म्हणाली. "तिला कुणी हात लावत नाही ना, एवढंच बघायचंय."

लेखनिकानं रजिस्टरात तेच लिहिलं. रजिस्टर आजही आहे, मी पाहिलंय.

गुरुवारी सकाळी शिंप्याच्या बायकोला पुन्हा आईजवळ बसवून ताई तिथे गेली आणि पाकीट बाहेर काढलं. सही शाबूत. जोड शाबूत. रजिस्टरात मधे एकही नोंद नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं पाकीट फोडलं. कॅसेट उजेडात धरली.

शाईची खूण...

खूण तिथे नव्हती. टेप पुढे गेली होती. खूण दुसऱ्या चकतीवर गुंडाळली जाऊन आत गडप झाली होती.

घरी आल्यावर तिनं आधी आईला पाहिलं. आई पलंगावर डोळे मिटून पडली होती. शिंप्याची बायको म्हणाली, "सकाळपासून म्हणताहेत, वरून हाक येतेय. मी म्हटलं, रेडिओ असेल कुणाचा." आणि ती आपल्या घरी गेली.

ताई वर गेली. रेकॉर्डर रिकामा. वायर तिच्या पिशवीत.

आकडा ३१३.

वायरी जोडताना तिला दोनदा भोक सापडलं नाही. ३०२ वर टेप लावली. सूर. किरकिराट. पट्टे.

खोली उभी राहिली आणि पहिल्यांदाच त्या खोलीचं दार उघडं होतं.

गोळा फरशीवर उभा होता.

शंकू सगळ्यात वरच्या ठोकळ्यावर, दारापासून एका पावलावर. आणि वाकलेली आकृती पायऱ्यांच्या मधोमध. अर्धी चढलेली.

चाल ताईची.

ती पडद्याकडे बघत राहिली. दोन उत्तरं आहेत, हे तिला लगेच दिसलं. एक असं : शंकू बाहेर पडतो, वाकलेली आकृती त्याच्यामागून वर येते, तीही बाहेर पडते. गोळा आत राहतो. त्यानं चौतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसं. तू जा, मी उभा राहतो.

दुसरं उत्तर असं. आकृती मधल्या पायरीवरून वळते. खाली कोपऱ्यात जाते. फरशीवर उभी राहते. माणसाचं वजन लागतं ना, कुणाचंही चालेल. मग गोळा मोकळा होतो. गोळा आणि शंकू, दोघं बाहेर. आकृती आत.

दोघं बाहेर पडू, नाहीतर कुणीच नाही.

हे तर तिचंच वाक्य होतं.

दादा दार धरून उभा होता, की बदली माणूस यायची वाट बघत उभा होता? मांडणी एकच. मांडणीवरून ते कळत नाही. ताई म्हणते, तिच्या आयुष्यात एवढं स्वच्छ मोजमाप आणि एवढं निरुपयोगी मोजमाप दुसरं झालं नाही.

तेवढ्यात जिन्यात कण्हल्यासारखा आवाज आला.

ती धावत दारापर्यंत गेली.

आई सहाव्या पायरीवर उभी होती. बाराच्या जिन्यात सहाव्या. कठड्याला धरलं नव्हतं. दोन्ही हात मोकळे, आणि झुकली सुद्धा नव्हती.

"आई, हलू नकोस. मी येते खाली."

"तू कशाला येतेस? मीच येतेय वर. तो बोलावतोय."

"कोण बोलावतोय?"

"कोण म्हणजे! पोटच्या पोराची हाक मला कळत नाही होय?"

ताई चार पायऱ्या उतरली. "काय म्हणतोय तो?"

"म्हणतो, आई, जरा उभी राहा. मी आलोच."

"कुठे उभी राहा?"

आईनं कपाळाला आठ्या घातल्या, बाजाराची यादी आठवावी तशा. "ते नीट ऐकू नाही आलं. इथे म्हणाला की तिथे म्हणाला... विचार ना तूच. पण मी राहीन गं उभी. तुम्ही दोघं जा. कंटाळला असेल तो. मला काय, आता सगळीकडे सारखंच."

पुढचं सांगण्याआधी मला एक सांगू द्या, कारण नंतर मला ते सांगता येणार नाही.

शुक्रवारी टेम्पो आला. आई आता तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत असते. गुडघा पुन्हा पूर्वीसारखा, हाताला धरल्याशिवाय उठवत नाही. ती गुरुवारबद्दल काही बोलत नाही. संग्राहकाला ताईनं यंत्र दिलं नाही. तो रागावला, फोन ठेवून दिला. संगणक, रेकॉर्डर, कॅसेट, सगळं त्याच खोलीत आहे. ताईनं शेवटची चाल केलीच नाही. टीव्ही बंद करून ती निघून आली. घराची वीज तोडून दोन वर्षं झाली. घर विकायला काढलेलं नाही.

शिंप्यानं मशीन दुसऱ्या भिंतीला हलवलंय. कारण विचारलं तर म्हणतो, उजेड बरा येतो. त्या भिंतीला खिडकीच नाही.

घराची एक किल्ली माझ्याकडे असते. मी विज्ञान शिकवते, वर जाऊन आकडा बघायला किती वेळ लागणार? दोन मिनिटं. दोनदा फाटकापर्यंत गेले. एकदा दुपारी तीनला.

परत आले.

ताईनं बरोबर केलं का, हेही मला कळत नाही. तो दार धरूनच उभा असेल, तर तिनं काय केलं... मी पुढचा विचार करत नाही. आणि तो बदलीची वाट बघत असेल, तर अजून बघत असेल.

तर, तो जिना.

आई सहाव्या पायरीवर. ताई तिच्या दोन पायऱ्या वर, वाट अडवून. आईनं सातव्या पायरीवर पाय ठेवला. तिच्या अंगात कुठून एवढं बळ आलं होतं कोण जाणे, ताईला तिचे खांदे दोन्ही हातांनी धरावे लागले.

"सोड," आई म्हणाली. "तो थांबलाय."

वरच्या खोलीत...

टक.

कोपऱ्यातली फरशी.

ताईला वजनं कळतात. रिकामी फरशी वाजत नाही. तिला माणूस लागतो. साठ किलोच्या आसपास, ती म्हणते. दादा साठ किलोचा होता.

आईचा चेहरा उजळला. "ऐकलंस?"

ताईनं मागे वळून पाहिलं नाही. आईचे खांदेही सोडले नाहीत. ती आईच्या डोळ्यांत बघत होती, पण बोलली वरच्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. तो आवाज शिंप्यानं मशीनवरून ऐकला, म्हणून मला माहीत आहे की तिचा आवाज हलला नव्हता.

"दादा, तू परत येणार नाहीस. उद्या नऊ वाजता मी आईला घेऊन जातेय. तू तिथेच उभा राहा... आणि जाताना मी दाराला कडी लावणार आहे."